उजेड चेहऱ्यावर मोजा

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. म्हटलं, "अरे, मी जन्मभर लोकांना 'बोलू नका, हलू नका' म्हणत आलो. मला कुठं बोलायला लावता?" तिकडून उत्तर आलं, "मंग आता तू बोल, आम्ही हालत नाही." तेव्हा वीस मिनिटं हलू नका, एवढीच विनंती.

विषयही त्यांनीच दिला. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, रोज शंभर फोटो निघतात, पण घरच्या माणसाचा चेहरा काही धड येत नाही. कुणाचा काळा येतो, कुणाचा पांढराफटक, कुणाच्या डोळ्यांच्या जागी दोन खड्डे. तर उजेड कसा घ्यावा, फोटो कसा काढावा, हे साध्या भाषेत सांग, असं त्यांचं म्हणणं.

मी काही मोठा कलावंत नाही. दहावीनंतर काही वर्षं सकाळच्या गाडीनं बडनेरा आणि तिथून अमरावती असं जाऊन येऊन एका स्टुडिओत काम शिकलो. मग आपल्या चांदूरलाच छोटा स्टुडिओ टाकला. पासपोर्ट फोटो, मुलगी दाखवायचे फोटो, लग्नं, बारसे, शाळांचे ग्रुप फोटो, यात आयुष्य गेलं. त्यामुळे जे सांगणार आहे ते हाताखालून गेलेलं आहे, आणि बरंचसं चुकून शिकलेलं आहे.

सुरुवात या स्मरणिकेपासूनच करतो. आपल्यातून गेलेल्या गुरुजनांचं आणि सोबत्यांचं एक पान यात आहे. त्या पानाचे फोटो नीट करायचं काम माझ्याकडे आलं. अकरा नावं होती. घरोघरी निरोप पाठवले, फोटो आले. त्यातले चार आधार कार्डावरून मोबाइलनं काढलेले होते. तीन कुणाच्या ना कुणाच्या लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापलेले. आपल्या एका मैत्रिणीचा फोटो असा होता की तिच्या खांद्यावर शेजारणीचा हात, आणि चेहऱ्यावर मांडवाच्या हिरव्या कापडाचा रंग. एका मित्राच्या घरून निरोप आला, "फोटो आहे, पण चेहरा दिसत नाही. चालते काय?" साठ-सत्तर वर्षं माणूस आपल्यात वावरला, आणि त्याचा एक स्वच्छ चेहरा घरात नाही. परिस्थिती नव्हती असंही नाही. यातल्या बहुतेक घरांत आज चार-चार मोबाइल आहेत.

हे दुसऱ्यांबद्दल बोललो. आता माझी स्वतःची चूक सांगतो. ती सांगायचीच म्हणून आज उभा राहिलो.

आपले एक सर. नाव घेत नाही, पण तुम्ही ओळखाल. इस्त्रीचा पांढरा शर्ट, सायकल, आणि शर्टाच्या खिशाला कायम खडूचा डाग. रंगानं काळेसावळे. निवृत्त झाले तेव्हा पेन्शनच्या कागदांना जोडीचा फोटो लागतो म्हणून ते आणि काकू माझ्या स्टुडिओत आले. लगीनसराई होती, बाहेर गिऱ्हाइकं बसलेली. मागे पांढरा पडदा, अंगात पांढरा शर्ट. मी कॅमेऱ्यातला काटा पाहिला, काटा म्हणाला बरोबर, आणि मी बटण दाबलं. दोन मिनिटांत मोकळा.

प्रिंट आली तेव्हा पडदा नीट, शर्ट नीट, काकू बऱ्या, आणि सरांच्या चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग. नाक कुठं, डोळे कुठं, पत्ता नाही. सरांनी फोटो हातात घेतला, पाहिला आणि हसले. म्हणाले, "जसं तोंड तसा फोटू. तुही काय चूक त्याच्यात?"

मी गप्प बसलो. चूक माझीच होती, हे मला त्या क्षणी माहीत होतं. चेहऱ्याला उजेड कमी पडला होता. पुन्हा बसवून फोटो काढला असता तर पाच मिनिटं लागली असती. पण बाहेर गिऱ्हाइकं होती. मी सरांना समजू दिलं की दोष त्यांच्या तोंडाचा आहे. आणि पैसेही घेतले.

काही वर्षांनी सर गेले. काकू तोच फोटो घेऊन आल्या, मोठा करून दे म्हणाल्या. मी निगेटिव्ह शोधून काढली. जमेल तेवढं उजळवून पाहिलं. नुसते करडे ठिपके वर आले. निगेटिव्हवर जे उतरलंच नाही ते प्रिंटमध्ये कुठून आणणार? काकूंनी तो फोटो बराच वेळ पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, "याच्यात ते दिसत नाहीत रे."

त्या दिवसापासून मी एक गोष्ट धरून चालतो. चेहरा काळा म्हणून फोटो काळा येत नाही. फोटो काळा येतो तो उजेड चुकीच्या जागी मोजला म्हणून.

आता हे समजून घेऊ. सगळ्यांनी आपापले मोबाइल काढा. कॅमेरा सुरू करा. समोरच्या फळ्याकडे धरा आणि पडद्यावर जिथं फळा दिसतो तिथं बोट टेकवा. काय झालं? पडदा उजळला, फळा करडा दिसायला लागला. आता शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर बोट टेकवा. पडदा अंधारला, भिंत मळकट झाली. (सभागृहात सगळ्यांनी करून पाहिले.)

कॅमेऱ्याला फळा काय आणि भिंत काय, हे ठाऊक नसतं. समोर जे असेल ते मधल्या रंगाचं, ना काळं ना पांढरं, असं तो धरून चालतो. फोटोग्राफीच्या पुस्तकांत त्याचा नेहमीचा आकडा १८ टक्के दिलेला असतो. म्हणजे वस्तूवर पडलेल्या उजेडापैकी १८ टक्के परत येतो असं गृहीत धरायचं. पांढरं कापड त्याच्या चार-पाच पट उजेड परत पाठवतं. मग कॅमेरा म्हणतो, बाप्पा, इथं तर उजेड फार झाला, आणि उजेड कमी करतो. कापड करडं होतं, आणि त्यासोबत चेहरा अंधारात जातो. काळ्या पडद्यापुढं नेमकं उलट. कॅमेरा उजेड वाढवतो आणि चेहरा भुताखेतासारखा पांढरा होतो.

आता आपल्या वऱ्हाडातला म्हातारा डोळ्यांपुढं आणा. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी, आणि मध्ये वावरात रापलेला चेहरा. कॅमेऱ्यासाठी याहून अवघड गिऱ्हाईक नाही. तो कपड्यांना भुलतो आणि माणसाला विसरतो. म्हणून आपण त्याला सांगायचं की कपडे पाहू नको, तोंड पाहा. पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवा. बऱ्याच मोबाइलमध्ये बोट दाबून ठेवलं की माप तिथंच पक्कं होतं, आणि बाजूला सूर्याची छोटी खूण येते. ती वर सरकवली की उजेड वाढतो, खाली सरकवली की कमी होतो. चेहऱ्यावर बोट ठेवायचं, चेहरा नीट दिसेपर्यंत ती खूण सरकवायची आणि मग फोटो काढायचा. सदरा थोडा जास्त पांढरा झाला तर होऊ द्या. मागचं आभाळ पांढरं झालं तर होऊ द्या. आभाळाचा फोटो घरात लावायचा नाही.

एक बारीक गोष्ट. चेहरा फार सावळा असेल तर त्यावर बोट ठेवल्यावर कॅमेरा त्यालाही मधल्या रंगाचा करायला जातो आणि गरजेपेक्षा उजळ करतो. तेव्हा ती खूण जराशी खाली आणा. माणूस जसा आहे तसा दिसला पाहिजे. काळाही नको आणि गोराही नको.

जुन्या लोकांची यावर एक युक्ती होती. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यापाशी तळहात धरायचा आणि उजेड तळहातावर मोजायचा. माणूस काळा असो की गोरा, तळहात सगळ्यांचे जवळपास सारखेच असतात. तळहात मधल्या रंगापेक्षा उजळ असतो, म्हणून मोजलेल्यापेक्षा दुप्पट उजेड द्यायचा. कोणत्याही माणसाचा चेहरा बरोबर येतो. सरांच्या वेळी मला ही युक्ती माहीत होती. मी वापरली नाही, एवढंच.

गोऱ्या रंगाचा विषय निघालाच आहे तर त्यावरही बोलतो. माझ्या स्टुडिओत आरसा, फणी आणि पावडरचा डबा असे. मुलगी दाखवायचा फोटो काढायचा असला की आई हळूच सांगे, "भाऊ, जरा गोरी येऊ द्या." मीही पावडर लावायला लावी, उजेड वाढवी. पोरगी पिठात पडल्यासारखी दिसे, पण आई खूश. हा दोष आपल्या एकट्याचा नाही. रंगीत फोटोच्या काळात कोडॅक कंपनी लॅबना रंग जुळवायला एक नमुन्याचा फोटो देत असे. त्याला शर्ली कार्ड म्हणत. त्यावर एक गोरी बाई असायची. तिचा रंग बरोबर आला की प्रिंट बरोबर, असा हिशेब. सावळ्या माणसांचे चेहरे त्या हिशेबात धरलेलेच नव्हते. पुढे चॉकलेट आणि लाकडी सामान बनवणाऱ्या कंपन्यांनी तक्रार केली की आमच्या मालाचे तपकिरी रंग फोटोत नीट येत नाहीत, आणि तेव्हा कुठं तपकिरी रंगांकडे लक्ष गेलं. माणसांसाठी झालं नाही ते कपाटासाठी झालं! नंतर वेगवेगळ्या वर्णाच्या चेहऱ्यांची कार्डं निघाली. आज मोबाइलमध्ये 'सौंदर्य' नावाचं जे बटण असतं ते पुन्हा तेच पावडरचं काम करतं. आईचा फोटो काढताना ते बंद करा. तिच्या सुरकुत्या तिच्या आहेत, त्या आपण पुसू नयेत.

सावळ्या चेहऱ्याची गंमत मला फार उशिरा कळली. गोऱ्या चेहऱ्याचा आकार सावलीत दिसतो, तर सावळ्या चेहऱ्याचा आकार झळाळीत दिसतो. गालाचं हाड, कपाळ, नाकाचा शेंडा यांवर उजेड चमकतो आणि चेहरा उभा राहतो. पावडर लावली की तीच झळाळी मरते. सावळ्या माणसाला मोठ्या खिडकीशी किंचित तिरपं बसवा, आणि मग पाहा.

इथून आपण उजेडाच्या जागेकडे येऊ. कारण माप बरोबर घेतलं तरी उजेड वाईट असला तर फोटो वाईटच.

आपल्याकडे उजेडाची कमतरता नाही, जास्तीच आहे. मे महिन्याच्या अखेरीस चांदूरला सूर्य भरदुपारी थेट डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली पडत नाही. आपली लग्नं नेमकी त्याच दिवसांत, आणि ग्रुप फोटो नेमके बारा-एकला, कारण पंगत उठायची असते. उजेड वरून पडला की भुवयांची सावली डोळ्यांत, नाकाची सावली ओठावर. नवरदेव सुद्धा चार रात्री जागलेला दिसतो. यासाठी घड्याळ पाहायची गरज नाही, स्वतःची सावली पाहा. सावली तुमच्यापेक्षा लहान असेल तर उन्हात फोटो काढू नका, माणसाला सावलीत घ्या. सावली तुमच्यापेक्षा लांब झाली, म्हणजे सकाळी किंवा संध्याकाळी, की ऊन फोटोच्या कामाचं होतं.

आपल्याला लहानपणी शिकवलं होतं की फोटो काढणाऱ्याच्या पाठीवर ऊन हवं. त्यामुळे आपल्या शाळेच्या सगळ्या ग्रुप फोटोंत आपण डोळे बारीक करून उभे आहोत. जणू सगळ्या वर्गाला एकदम मिरची लागली! तो सल्ला जुन्या साध्या कॅमेऱ्यांसाठी होता, त्यांना भरपूर ऊन लागायचं. आताच्या मोबाइलला तेवढं लागत नाही. ग्रुप मोठा असेल तर सगळ्यांना इमारतीच्या सावलीत उभं करा, वर मोकळं आभाळ असू द्या. अर्धे उन्हात आणि अर्धे सावलीत असं मात्र कधीच नको. लिंबाखाली उभं केलं तर पानांतून पडणारे उन्हाचे ठिपके कुणाच्या चेहऱ्यावर नाहीत, एवढं पाहा.

आणि सगळ्यात चांगला स्टुडिओ तर तुमच्या घरीच आहे. घराचं दार. आई किंवा बाबा दारात बसले आहेत, तोंड अंगणाकडे, मागे घरातला अंधार. ऊन अंगणात पडलंय, त्यांच्यावर नाही. हा उजेड आभाळाचा आणि अंगणातून उसळून आलेला असतो. मोठा, मऊ उजेड. मागे अंधार असल्यामुळे भांडी, दोरीवरचे कपडे, काही दिसत नाही, नुसता माणूस दिसतो. उंबरठ्यापासून हातभर आत बसवा. फार आत नेलं तर उजेड भराभर कमी होतो.

इथं एक करून दाखवतो. खिडकीपाशी बसलेल्या आपल्या मैत्रिणीला विनंती करतो. आधी खिडकीकडे पाठ करून बस. आता खिडकीकडे तोंड कर. आता जराशी तिरपी हो, एक गाल खिडकीकडे. (इथे तीन फोटो काढून पडद्यावर दाखवले.) बाई तीच, साडी तीच, खिडकी तीच. पहिल्या फोटोत चेहरा हरवला, दुसऱ्यात आला पण सपाट आला, तिसऱ्यात जिवंत झाला. यासाठी एक रुपयाही खर्च केला नाही, फक्त मान वळवली.

मऊ उजेड आणि कडक उजेड यांतला फरक लक्षात ठेवायला सोपा आहे. उजेड येण्याची जागा चेहऱ्यापुढं जेवढी मोठी, तेवढा उजेड मऊ. सूर्य खूप मोठा आहे, पण इथून पाहिला तर रुपयाएवढा दिसतो, म्हणून ऊन कडक. खिडकी मोठी, म्हणून तिचा उजेड मऊ. आणि तीच खिडकी दहा फुटांवरून लहान होते, म्हणून माणसाला तिच्याजवळ बसवायचं, दोन-तीन फुटांवर. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर तिच्यावर पांढरं धोतर टांगा, काम झालं. चेहऱ्याची दुसरी बाजू फार अंधारी वाटली तर त्या बाजूला कुणाला तरी पांढरी चादर किंवा थर्माकोलचा तुकडा धरून उभं करा. परत आलेला उजेड सावली भरून काढतो. मोठमोठ्या स्टुडिओत छत्र्या आणि पेट्या दिसतात ना, त्यांचं काम बरंचसं तेच असतं. धोतर आणि थर्माकोल!

हे नवीन नाही. फोटोची कला जगापुढं आली १८३९ मध्ये. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातल्या पहिल्या हिंदी फोटोग्राफरांपैकी एक. तेव्हा विजेचे दिवे नव्हते. स्टुडिओला काचेचं छत किंवा मोठी खिडकी असे, आणि माणसाला कित्येक सेकंद न हलता बसावं लागे. डोकं हलू नये म्हणून मानेमागं लोखंडी आधार लावत. जुन्या फोटोंतली माणसं अशी कडक का दिसतात, त्याचं एक कारण ते. म्हणजे चांगल्या चेहऱ्यासाठी लागणारा उजेड तेव्हाही खिडकीतूनच येत होता.

आता 'एक्स्पोजर' हा शब्द. नवख्याला तो फार जड वाटतो. आपल्या घरच्या नळाचं उदाहरण घ्या. गुंड भरायचा आहे. नळाची तोटी किती उघडली आणि किती वेळ उघडी ठेवली, यावर गुंड भरतो. लेन्सचं भोक म्हणजे तोटी, शटर म्हणजे वेळ. तोटी कमी उघडली तर वेळ जास्त लागतो. तिसरी गोष्ट आयएसओ, म्हणजे गुंड केवढा घ्यायचा ते. आयएसओ वाढवला म्हणजे गुंड लहान झाला, थोड्या पाण्यात भरतो. पण तळाचा गाळही त्यात आला. अंधारात काढलेल्या फोटोत जे करडे दाणे दिसतात तो हा गाळ. चेहऱ्याचा गुंड अर्धा राहिला तर फोटो काळा, वाहून गेला तर पांढराफटक. आणि वाहून गेलेलं पाणी पुन्हा गुंडात भरता येत नाही, तसं पार पांढरं झालेलं कपाळ नंतर सुधारता येत नाही.

मोबाइल हे सगळं स्वतः ठरवतो, म्हणून तुम्ही फक्त दोन गोष्टी पाहा. उजेड कमी असेल तर तो वेळ वाढवणार, म्हणजे तुमचा हात हलला की चेहरा पुसट. अशा वेळी कोपर भिंतीला टेकवा, श्वास रोखा आणि मग बटण दाबा. आणि फ्लॅशच्या भरवशावर राहू नका. त्या एवढ्याशा दिव्याचा उजेड पाच-सहा फुटांपुढं फारसा पोहोचत नाही. अंतर दुप्पट झालं की दिव्याचा उजेड चौथा हिस्सा उरतो. पुढच्या रांगेतले पांढरे आणि मागचे अंधारात, हे त्यामुळेच. सावंगा विठोबाच्या यात्रेत कापराच्या ज्वाळांपुढं आपण फोटो काढतो. त्यात ज्वाळा येतात, माणसं येत नाहीत. कारण तेच, कॅमेरा आगीला भुलतो. माणसाला ज्वाळेच्या पुढं पाठ करून उभं करू नका. तिच्या बाजूला, तिच्या उजेडात तोंड करून उभं करा, आणि बोट चेहऱ्यावर.

आता किरकोळ वाटतात पण फोटो बिघडवतात अशा गोष्टी भराभर सांगतो. सगळ्यात आधी मोबाइलची काच पुसा. निम्मे धुरकट फोटो तेलाच्या बोटांमुळे येतात. खिडकीत फोटो काढताना घरातला दिवा बंद करा, नाहीतर अर्धा चेहरा निळा आणि अर्धा पिवळा येतो. हिरव्या जाळीखाली किंवा रंगीत मांडवाखाली चेहऱ्याचा फोटो काढू नका, माणसाला दहा पावलं बाहेर आणा. मोबाइल तोंडाजवळ नेला की नाक मोठं येतं. पाच-सहा फूट मागे व्हा आणि थोडा झूम करा. कॅमेरा समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीला धरा. म्हातारं माणूस खाटेवर बसलं असेल तर तुम्हीही बसा. चष्म्यावर खिडकी चमकत असेल तर हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा. आणि फोटो निघाला की डोळे पाहा. दोन्ही डोळ्यांत खिडकीचा एक-एक पांढरा ठिपका दिसला तर समजा, उजेड बरोबर आला. तो ठिपका नसला की डोळे विझलेले वाटतात.

आणि प्रिंट काढा. मोबाइल हरवतो, पाण्यात पडतो, नवा येतो. प्रिंटच्या मागे पेन्सिलनं नाव आणि तारीख लिहा. आज आपल्याला माहीत आहे हा कोण ते. नातवाला माहीत नसेल.

गाडगेबाबा गेले १९५६ साली, तुकडोजी महाराज १९६८ साली. त्यांना डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता थोडी उरली. तरी आपल्या भागातलं शेंबडं पोरही त्यांना चेहऱ्यानं ओळखतं, कारण कुणीतरी त्यांच्यापुढं कॅमेरा घेऊन उभं राहिलं होतं. आपले आईवडील आणि आपले गुरुजी संत नव्हते. पण आपल्या घरापुरती, आपल्या वर्गापुरती तेवढीच ओळख त्यांनाही मिळायला हवी.

कुणी म्हणेल, हा तर भिंतीवर लावायच्या फोटोची तयारी सांगतोय. तसं नाही. फोटो जिवंतपणीच माणसाच्या हातात द्यायचा असतो. त्यानं तो पाहावा आणि म्हणावं, "हो, हा मीच." सरांना मी ते म्हणू दिलं नाही. ते म्हणाले, जसं तोंड तसा फोटू. सर, तोंड तसं नव्हतं. तोंड फार चांगलं होतं. वर्गात खिडकीपाशी उभे राहून आपण शिकवायचे तेव्हा आम्ही ते रोज पाहिलं आहे.

आज दुपारी चारनंतर मी शाळेच्या व्हरांड्यात एक खुर्ची ठेवतो. ऊन तोवर पलीकडे गेलेलं असेल आणि उजेड मऊ झालेला असेल. इथं आलेल्या प्रत्येक सरांनी आणि बाईंनी तिथं येऊन बसावं, ही माझी विनंती आहे. मला घाई नाही. एक आवडला नाही तर दुसरा काढू, दुसरा नाही तर दहावा. आणि पैसे घेणार नाही.

आणि मित्रांनो, तुम्ही घरी गेलात की उद्या सकाळी चहा झाल्यावर आईला दारात बसवा. ती म्हणेल, "माह्या काय फोटू काढतं, मी काय आता पोरगी हाओ?" म्हणू द्या. पदर सारखा करू द्या. काच पुसा, तिच्या चेहऱ्यावर बोट ठेवा, आणि काढा.